परसातलं लॉन नव्याने करताना: आधी माती, मग गवत

जून लागला की रोपवाटिकांमधून लॉनच्या लाद्या, म्हणजे मातीसकट कापलेले गवताचे तुकडे, भराभर उचलल्या जातात. जुनं गवत खरवडायचं, वर लाल मातीचा पातळ थर पसरायचा, लाद्या अंथरायच्या आणि दोन दिवसांत परसदार हिरवंगार करून टाकायचं, अशी बहुतेक ठिकाणची पद्धत. दिवाळीपर्यंत ते बरं दिसतं. मग कुठे पिवळे पट्टे, कुठे लव्हाळ्याचे झुबके, आणि एप्रिल येईतो मधोमध भेगाळलेली काळी माती उघडी पडते. दोष गवताच्या माथी मारला जातो, पण गवत बिचारं त्या मातीत जेवढं तगायचं तेवढं तगलेलं असतं. लावणी खरोखरच दोन दिवसांची असते. माती तयार व्हायला मात्र अडीच-तीन महिने द्यावे लागतात. जूनमध्ये गवत लावायचं असेल तर काम मार्चमध्ये काढा.

खालची मापं २० × २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या परसासाठी आहेत. जमीन पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातली काळी धरली आहे. कोकणात जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी ठरवा: उकरायचं की सुधारायचं

निम्म्याहून जास्त भागात तुम्हाला हवं तेच गवत असेल आणि लव्हाळा तुरळक असेल, तर उकरू नका. गवत खाली कापा, दाताळ्याने आडवं-उभं ओढून मुळाशी साठलेला वाळका गादा काढा. हा गादा अर्ध्या इंचापेक्षा जाड झाला की पाणी वरच अडतं आणि मुळं मातीत न जाता गाद्यातच फिरतात. नंतर जमीन ओलसर असताना काटेफावडं ३-४ इंच खोल रोवून, जरा हलवून बाहेर काढा, दर ५-६ इंचांवर. त्यावर चाळलेली पोयट्याची माती, शेणखत आणि वाळू समभाग मिसळून अर्धा इंच पसरा. ५०० चौरस फुटांना साधारण २० घनफूट मिश्रण लागतं. गवताचे शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत, पूर्ण झाकलं तर ते पिवळं पडतं. महिन्याभरात फरक दिसतो.

निम्म्याहून कमी उरलं असेल तर नव्याने करणंच स्वस्त पडतं. पण गवत का गेलं हे कळल्याशिवाय कुदळ हातात घेऊ नका. आंबा मोठा होऊन सावली पडली असेल, तर कितीही चांगली माती घातली तरी हरळीच्या जातीचं गवत तिथे टिकणार नाही. सकाळी ८ ते संध्याकाळी ५ या वेळात दर तासाला कुठे ऊन आहे ते एक दिवस कागदावर टिपा. पुढे गवत निवडताना हा कागद लागतो.

मातीची तपासणी

बागेच्या दोन-तीन जागी एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजा. एक इंच किंवा जास्त उतरली तर निचरा ठीक आहे. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर पावसाळ्यात मुळं कुजणार, तेव्हा निचऱ्याची सोय करावीच लागेल.

खड्डा घेताना बाजूच्या भिंती नीट बघा. बंगल्यामागच्या जागेत बांधकामाच्या वेळचा राडारोडा हमखास पुरलेला असतो. सिमेंटचे गोळे, गिलाव्याचे तुकडे, विटांचे खपरे, कधी अख्खी गोणी. सिमेंट आणि चुन्याभोवतीची माती अल्कधर्मी होते, त्यामुळे गवताला लोह मिळत नाही आणि नेमक्या त्याच जागी पिवळे डाग उठतात. असं काही सापडलं तर वर माती टाकून दडपू नका, तेवढा भाग उकरून बाहेर काढा.

काचेच्या बाटलीचीही एक सोपी चाचणी आहे. एक तृतीयांश बाटली मातीने, उरलेली पाण्याने भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. रेती पहिल्या एक-दोन मिनिटांत तळाशी बसते, गाळ दोन-तीन तासांत, चिकणमाती दिवसभर तरंगते. काळ्या मातीत सगळ्यात जाड थर शेवटचा असतो.

बागेच्या पाच-सहा ठिकाणांहून इंग्रजी व्ही आकाराचा ६ इंच खोल छेद घेऊन माती गोळा करा, एकत्र करून सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्या. अहवालात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुनखडी बघा. सोडियम जास्त असल्याचं निघालं तरच जिप्सम घाला, चौरस मीटरला अर्धा किलो, म्हणजे आपल्या परसाला साधारण २५ किलो. काळी माती दिसली की जिप्सम टाकायचंच, हा समज चुकीचा आहे. या जमिनीत कॅल्शियम बहुधा मुबलक असतं, आणि सोडियम नसेल तर जिप्समने ती भुसभुशीत होत नाही. कोकणातली जांभ्याची माती याच्या उलट, आम्लधर्मी. तिथे सामू ५.५ च्या खाली आला तर चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम चुनखडीची भुकटी मिसळावी लागते. देशावर चुना अजिबात नको.

लव्हाळा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नव्या लॉनचा खरा शत्रू लव्हाळा. केना, घोळ, दुधी, आंबुशी ही तणं हाताने आवरतात. लव्हाळ्याच्या गाठी मात्र जमिनीखाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. माळेतली टोकाची गाठ फुटलेली असते आणि ती बाकीच्यांना दबवून ठेवते. कुदळीने किंवा पॉवर टिलरने माळ तुटली की तो दाब संपतो आणि दहाच्या दहा गाठी स्वतंत्रपणे फुटतात. म्हणूनच लव्हाळ्याच्या ओल्या जमिनीत टिलर फिरवला की महिन्याभरात लव्हाळा आधीपेक्षा दाट दिसतो.

खाली प्लास्टिक अंथरून वर माती टाकण्याचा सल्ला काही कंत्राटदार देतात. तो मानू नका. लव्हाळ्याचा कोंब टोकदार असतो आणि प्लास्टिक भोसकून वर येतो. पाणी मात्र खाली जात नाही.

देशावर आपल्याला एक मोठी अनुकूल गोष्ट मिळालेली आहे, ती म्हणजे एप्रिल-मेचं ऊन. लव्हाळ्याची गाठ मातीत कितीही चिवट असली तरी उघड्यावर सुकली की मरते. मार्चमध्ये जमिनीला दोनदा भरपूर पाणी द्या आणि जेवढा लव्हाळा फुटायचा तेवढा फुटू द्या. कोंब वर आल्यापासून तीन आठवड्यांच्या आत तो काढा, कारण त्यानंतर खाली नव्या गाठी धरायला लागतात. पाणी, फुटवा, काढणी असा फेरा दोनदा झाला की गाठींतला साठा बराच खर्च होतो. मग पाणी पूर्ण बंद करा. जमीन वाफशावर आली की ८ ते १० इंच खणा आणि ढेकळं तशीच उन्हात पडू द्या. दर आठ-दहा दिवसांनी ती उलटा. मेच्या मध्यापर्यंत ढेकळं कोरडीठाक होतात, तेव्हा ती फोडून वाळूच्या चाळणीतून माती चाळा आणि गाठी, मुळ्या, काचा, खडे सगळं बाहेर टाका. गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी त्या खताबरोबर परत येतील.

वाफसा ओळखायची खूण सोपी आहे. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर वाफसा आहे. चपटा होऊन चिकटला तर माती ओली आहे, थांबा. काळी माती ओली असताना खणली किंवा तुडवली तर तिची विटेसारखी ढेकळं होतात आणि पुढे वर्षभर ती सुधारत नाहीत.

तणनाशक वापरायचंच असेल तर एक माहिती असू द्या. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त कीड-नियंत्रण परवानाधारकांमार्फत व्हावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. तेव्हा फवारणी परवानाधारकाकडूनच करून घ्या आणि या गोष्टींवर स्वतः लक्ष ठेवा: लव्हाळा हिरवा, वाढता, चार-सहा पानांचा हवा, सुकलेल्या पानांतून औषध गाठीपर्यंत उतरत नाही. पानांवर धूळ नको. बोअरचं जड पाणी औषधाची ताकद कमी करतं. फवारल्यावर १० ते १४ दिवस जमिनीला हात लावायचा नाही. वाऱ्याच्या दिवशी फवारलं तर शेजारचा गुलाब आणि मोगराही जातो. आणि एका फवारणीत लव्हाळा संपत नाही, उरलेल्या गाठी फुटल्यावर पुन्हा फवारावं लागतं.

निचरा, उतार, भराव

चाचणीत पाणी उतरलं नसेल तर भरावाआधी निचऱ्याचा चर काढा. एक फूट रुंद, दीड फूट खोल, शंभर फुटांना एक फूट उतार. तळाशी दोन इंच २० मिलिमीटरची खडी, त्यावर ३ किंवा ४ इंची भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या बाजूला ठेवून. पाइपाभोवती पुन्हा खडी आणि सगळ्याला जिओटेक्स्टाइल कापडाचं वेष्टन. कापड नसेल तर काळा गाळ दोन पावसाळ्यांत खडी भरून टाकतो. पाणी शेवटी कुठे जाणार हे आधी ठरवा. शोषखड्डा किंवा पावसाळी गटार चालेल, सांडपाण्याच्या चेंबरला जोडू नका, कारण ते तुंबलं की घाण उलटी बागेत येते.

लॉनचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दर आठ फुटांना एक इंच. गवंड्यांकडची पारदर्शक पाण्याची नळी घेऊन दर सहा-सात फुटांवर खुंट्या ठोका, अंतिम पातळीची खूण करा आणि दोरी बांधा. रोप लावणार असाल तर मातीची पातळी फरशीच्या एक इंच खाली, लादी अंथरणार असाल तर दीड इंच खाली. हे विसरलं तर पहिल्या पावसात माती फरशीवर येते आणि कापणी यंत्राचं पातं फरशीला घासतं.

आता भराव. काळ्या मातीत वाळू मिसळून ती हलकी करायचा मोह टाळा. एकूण मातीच्या निम्म्याहून जास्त वाळू घातली तरच रचना बदलते. त्याहून कमी घातली तर चिकणमाती वाळूच्या कणांमधली जागा भरते आणि सगळं घट्ट बसतं. त्याऐवजी चार इंच चांगल्या लाल किंवा पोयट्याच्या मातीचा थर द्या. अंतिम पातळी सांभाळण्यासाठी गरज पडेल तेवढी जुनी माती आधी बाहेर काढावी लागेल. चार इंचांचे १६७ घनफूट होतात, पण माती एक पंचमांश बसते, म्हणून दोन ब्रास मागवा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीचं माप टेपने मोजून घ्या, अंदाजाने नको.

विकत घेतलेल्या मातीबरोबरच लव्हाळा परत येतो, हे फार वेळा घडतं. ओढ्याकाठची आणि शेतातली माती याबाबत सर्वांत धोक्याची. मागवण्याआधी एक पिशवी नमुना आणा, कुंडीत भरा, पाणी द्या आणि पंधरा दिवस काय उगवतं ते बघा. लाल माती म्हणून मुरूमही गळ्यात मारला जातो. ओली करून मुठीत दाबा. मुरूम नुसता खरखरीत लागतो आणि गोळा धरत नाही.

नवी माती सरळ काळ्यावर ओतली तर दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळंही तिथेच थांबतात. म्हणून आधी एक इंच नवी माती पसरा, खालच्या दोन-तीन इंच काळ्या मातीत काटेफावड्याने मिसळा आणि मग उरलेली भरा. कोकणात खाली जांभ्याचा कातळ लागत असेल तर चार इंच पुरत नाहीत, सहा ते आठ इंच हवेत.

खत

वरच्या चार इंचांत २०० ते २५० किलो कुजलेलं शेणखत, ५ किलो निंबोळी पेंड आणि अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. अहवालात स्फुरद भरपूर असेल तर सुपर फॉस्फेट वगळा. खत कुजलेलं म्हणजे थंड, काळपट आणि वास नसलेलं. हात घातल्यावर गरम लागलं किंवा पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर ट्रॉली परत पाठवा. कच्चं शेण म्हणजे तणाचं बी आणि हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण. युरिया या टप्प्यावर नको, मुळं नसताना तो पाण्याबरोबर वाहून जातो.

पाणी देऊन थांबा

खुंट्यांना बांधलेल्या दोरीबरहुकूम माती सरळ पट्टीने ओढून घ्या, ५०-६० किलोचा रोलर हलक्या हाताने फिरवा. चालल्यावर टाचेचा ठसा अर्ध्या इंचापेक्षा खोल जायला नको. मग संपूर्ण जागा भिजवा आणि दहा ते पंधरा दिवस सोडून द्या. या दिवसांत माती बसते, खड्डे दिसतात आणि राहिलेलं तण उगवतं. खड्डे भरा. तण मुळासकट उपटा, पण जमीन पुन्हा खोल खणू नका, नाहीतर खालचं बी वर येतं. सगळ्यांना घाई होते ती नेमकी इथे. हे पंधरा दिवस वाचवणाऱ्यांचे पुढचे सहा महिने खुरपणीत जातात.

कोणतं गवत

टिपलेला उन्हाचा कागद आता काढा. सहा तास किंवा जास्त थेट ऊन असेल तर सिलेक्शन नंबर एक. ही हरळीचीच बारीक पानांची निवड आहे, तुडवलेली सोसते आणि लवकर पसरते. चार-पाच तास ऊन असेल तर कोरियन, म्हणजे झॉयसिया. दिसायला देखणं आणि दाट, पण पसरायला फार सावकाश, रोपाने लावलं तर सहा महिने धरा. त्याहून कमी उन्हात रुंद पानांचं, सावली सोसणारं अ‍ॅक्सोनोपस लावा. रोपवाटिकांत कार्पेट, बफेलो, मेक्सिकन ही नावं सैलपणे वापरली जातात आणि एकाच नावाखाली वेगवेगळी गवतं मिळतात. नावापेक्षा पान बघून घ्या. थंड प्रदेशातल्या बियांची पाकिटं बाजारात मिळतात, ती आपल्या मैदानी उन्हाळ्यात जळतात.

पाण्याचा हिशेब गवत घेण्याआधीच करा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. भर उन्हाळ्यात लॉनला दिवसाला सरासरी ५-६ मिलिमीटर लागतं, म्हणजे ५०० चौरस फुटांना रोज २३० ते २८० लिटर. मे महिन्यात टँकर येणाऱ्या वस्तीत एवढं लॉन करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बसण्यापुरतं १०० चौरस फूट करा, बाकी जागेत कमी पाण्याची झुडपं लावा.

लावणी

देशावर जूनच्या मध्यात, पाऊस बसल्यावर. कोकणात जून-जुलैचा पाऊस नवी माती धुऊन नेतो, तिथे सप्टेंबरची उघडीप बरी.

रोपाने लावताना दोन-तीन पेरांचे तुकडे करा. एक-दोन पेरं मातीत, एक वर. चार इंच अंतराने लावलं तर चौरस फुटाला नऊ, एकूण ४,५०० तुकडे. सिलेक्शन आठ-दहा आठवड्यांत जागा झाकतं. तुकडे ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि बसायला फळी वापरा, म्हणजे तयार केलेली पातळी मोडत नाही.

लाद्या घेणार असाल तर आल्या दिवशीच अंथरा. ढीग करून ठेवलेल्या लाद्या आतून तापतात आणि पिवळ्या होतात. पुण्याजवळ उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिका भरपूर आहेत, शक्य असेल तर जाऊन एक लादी उलटी करून बघा. खाली चिकट काळ्या मातीचा जाड थर असेल तर मुळं त्यातच गुंडाळून बसतात, आपल्या मातीत उतरत नाहीत. पातळ थराची, पांढरी मुळं दिसणारी लादी चांगली. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत, एकमेकींना घट्ट टेकवून लावा, सांध्यांत चाळलेली माती भरा, रोलर फिरवा आणि लगेच भिजवा. दोन आठवड्यांनी कोपरा हलकेच ओढून बघा, सुटून आला नाही तर मुळं धरली.

पहिले दोन महिने

पाऊस नसेल तर पहिले दहा दिवस दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी. नंतर हळूहळू अंतर वाढवा आणि प्रत्येक वेळी जास्त द्या, म्हणजे मुळं खाली जातील. गवत दोन-अडीच इंच झालं की पहिली कापणी, उंचीच्या एक तृतीयांशच कापा, धारदार पात्याने, जमीन कोरडी असताना. पुढे सिलेक्शन एक ते दीड इंचावर ठेवा, सावलीचं रुंद पानाचं दोन इंचांवर.

सहा आठवड्यांनी ५०० ग्रॅम युरिया वाळूत मिसळून सारखा फेका आणि लगेच पाणी द्या. ओल्या पानांवर फेकला तर डाग पडतात. कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी होत असतील तर ते लोहाची कमतरता सांगत असतात. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट घालून संध्याकाळी फवारा. फरशीवर थेंब पडले तर लगेच धुवा, गंजाचे डाग निघत नाहीत.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एखादा पट्टा पाणी असूनही सुकला आणि गवत चटईसारखं हातात सुटून आलं, तर खाली हुमणी मुळं खात आहे. वीतभर खणा, इंग्रजी सी आकारात वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतील. वेचून मारा आणि कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी बुरशी मिसळून वेष्टनावरच्या प्रमाणात ओलसर जमिनीत द्या. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर रात्री कडुलिंब-बाभळीवर गोळा होतात. तेव्हा झाडं हलवून ते गोळा केले आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर ऑगस्टमध्ये खणायची वेळ फारशी येत नाही.